तुझ्याइतकंच पाणी

१२ जानेवारी

चि. टाचण्या,

आशीर्वाद.

आज घरात आलं ते असं: पुठ्ठ्याची पेटी एक. तिच्यात आठवड्याची चंदेरी पाकिटं, निम्मी सूपची, निम्मी कसल्याशा गोड पिठाची. बाजूला खुणा केलेला झाकणाचा पेला एक. गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक एक, त्यात एकाच बाईचे दोन फोटो, आधीची नि नंतरची; नंतरची जरा आजारी वाटते. आणि मापपट्टी एक, तीही कागदाची. तू शिंपी माणूस, बघितलीस तर हसशील. या सगळ्याला पडलं ते आमच्या महिन्याच्या दुधाइतकं, नि हा म्हणे नुसता नमुना. तीन महिन्यांचा पुरा कार्यक्रम घेतला तर वर्षाचं दूध गेलं.

आता हे कशाला मागवलं ते सांगते. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर असलं बोलता येत नाही, मागं रांग असते, नि तुझ्याकडं फोन नाहीच.

सोमवारी इस्पितळात माझ्या तपासण्यांचा निकाल घ्यायला गेले होते. रक्त जुळलं. तुझं नि माझं सगळं जुळलं. सख्ख्या भावंडांतही इतकं क्वचित जुळतं म्हणाले. दोन्ही किडन्या ठणठणीत, साखर नाही, रक्तदाब नाही. मी म्हटलं, मग कधी काढताय? डॉक्टर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमचं वजन." एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी ते घेतच नाहीत. भूल देताना धोका, जखम लवकर भरत नाही, नि पुढं एकट्या किडनीवर जन्मभर एवढ्या देहाचा भार. अठरा किलो कमी करून उन्हाळ्याच्या आत या म्हणाले. जसं काही पिशवीतून काढून बाजूला ठेवायचंय.

बाहेरच्या बाकावर बसून रडले. म्हटलं, देवा, द्यायची वस्तू दिलीस, चांगली दिलीस, पण कपाटाचं दारच उघडेना असं करून ठेवलंस.

वजनाचं त्यांनी आधीही बोलून दाखवलं होतं, म्हणून दोन महिने माझं मीच करून पाहिलं. एक किलो वाढलं. कारण मला ठाऊक आहे. पातेल्याच्या तळाशी चार घास राहिले, सासूबाईंच्या ताटात अर्धा बटाटा राहिला, की माझा हात आपोआप तिकडं जातो. अन्न टाकवत नाही रे. टाकलं तर देवाला काय तोंड दाखवू, असं होतं. या पाकिटांचं बरं की मागं काही उरतच नाही. पेला विसळला की संपलं.

कंपनीची सल्लागार बाई घरी येऊन गेली. बाई कसली, नुसता हॅंगर. माझ्या कमरेला तिची कागदी पट्टी पुरेना, तर म्हणाली, "हरकत नाही, आपण अंदाज लिहू." नि वर म्हणाली, "हे जेवण नाही समजायचं, हा निर्धार आहे." यांनी आतल्या खोलीतून ऐकलं. ती गेल्यावर म्हणाले, "जेवायचं नाही म्हणून पैसे भरायचे? मग त्याच्या निम्म्यात मी उपाशी राहतो की." आणि सासूबाईंचं तर काय सांगू. "चांगली भरलेली सून बघून आणली होती मी. आता निम्मी होणार असेल तर उरलेली कुणाला विचारून देतेय?"

हसून झालं, पण माझं मन ठरत नाही. पैसे आहेत ते छपरासाठी बाजूला टाकलेले. इतकी वर्षं उपास करते, त्यानं जे झालं नाही ते पाकिटानं होईल का? आणि नाही झालं तर? म्हणजे पैसेही गेले, उन्हाळाही गेला. सल्लागार बाईंना महिनाअखेर सांगायचं आहे. तू हो म्हणालास तर मला दुसऱ्या कुणाला विचारायला नको. तुझी तब्येत खरी खरी लिही.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. हे उजव्या हातानं लिहितोय, डावा यंत्राला जुंपलाय. चार तास खुर्चीत बसून राहायचं, म्हणून म्हटलं तुझ्याशी भांडून घ्यावं.

नाही. हो म्हणणार नाही. तू छप्पर दुरुस्त कर.

अगं, मी शिंपी आहे. कापड कमी पडलं तर कोट कसा बसवायचा ते मला कळतं. पण कोट बसावा म्हणून माणूसच कापायचा, हे कुठल्या दुकानात शिकवतात? तुझं माप मला तोंडपाठ आहे, नि त्यात मला कधी काही चूक दिसली नाही. त्या हॅंगरबाईला माझ्याकडं पाठव, तिच्या मापाचं काही शिवायचं तर मला चिमुकल्यांच्या कपड्यांचा मापाचा कागद काढावा लागेल.

माझं बरं चाललंय. यंत्र मला मानवलंय. आठवड्यातून तीनदा येतो, रक्त धुऊन घेतो, घरी जाऊन झोपतो, दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. अशी कित्येक वर्षं लोक काढतात म्हणे. शेजारच्या खुर्चीत एक टॅक्सीवाला असतो, त्याला सहावं वर्ष चालू आहे, आणि तो माझ्याहून जास्त बडबडतो. त्रास फक्त पाण्याचा. दिवसाला तीन पेले. चहा, सूप, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच आलं. टॅक्सीवाला बर्फाचा खडा तोंडात धरून बसतो नि डोळे मिटून म्हणतो, "आहाहा, तळं." मी पहिला पेला सकाळी, दुसरा दुपारी, आणि तिसरा मात्र शेवटपर्यंत राखून ठेवतो. दिवसभर तो टेबलावर असतो आणि मी त्याच्याकडं बघत काजं करतो. एकदा धक्का लागून सांडला. मोठा माणूस असून डोळ्यांत पाणी आलं. मग म्हटलं, हेही पाणी मोजायचं का?

अक्षर हललंय ते नर्सबाईंमुळं. सुई दोनदा घालावी लागली आज. विशेष काही नाही.

तेव्हा ती पेटी परत कर. माझी घाई नाही. भावोजींना म्हणावं, उपाशी राहण्याचा भाव फार कमी लावलात.

तुझा,
टाचण्या


८ फेब्रुवारी

चि. टाचण्या,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. मग "सुई दोनदा" वाचलं. मग तू सांडलेलं पाणी वाचलं, नि त्याच्या पुढं माझं काही चालेना.

मी भरती झाले. रागवायचं तर रागव.

सकाळी देवाजवळ बसले, उठले नि कुणाला न सांगता कंपनीच्या कचेरीत गेले. चपलांच्या दुकानावरची खोली आहे. बाकावर पाचसहा बायका, सगळ्या माझ्याच घेराच्या, म्हणून बाक पुरेना. शेजारची म्हणाली, "घरात लग्न आहे वाटतं?" मी म्हटलं, "नाही, भावाला किडनी द्यायची आहे." मग एकजण उठली नि मला टेकायला भिंतीकडची जागा दिली. सही केली. छपराचे पैसे तिथं मोजून दिले तेव्हा हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पण दिले.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी चपला घातल्या नि बाहेर गेले. मला वाटलं, झालं, आता आठवडाभर अबोला. अर्ध्या तासानं आले ते हातात नवी बादली घेऊन. "छप्पर गळेल तिथं ठेवायला," म्हणाले. एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं.

आता दिवसाला तीन पाकिटं नि दुपारी उकडलेली भाजी. सूपला चव म्हणशील तर ओल्या पुठ्ठ्याची. पण त्रास त्याचा नाही, दुसऱ्यांसाठी रांधायचा आहे. चाखायचं नाही म्हणून मीठ अंदाजानं पडतं. काल सासूबाई म्हणाल्या, "समुद्र आटवलास का गं?" आज मीठ राहिलंच, तर म्हणाल्या, "कालचं थोडं असेल तर दे यात." पातेल्याच्या तळाशी उरतं ते यांना वाढते. म्हणजे माझं उतरेल तसं यांचं चढेल, घराचं एकूण वजन तेवढंच राहणार असं दिसतं. पण चार किलो गेले, खरंच. सल्लागार बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आता एक तुला सांगते, हसू नकोस. माहितीपुस्तकात लिहिलंय, पाकिटांबरोबर दिवसाला दहा पेले पाणी प्यावं. ठळक अक्षरांत, दोनदा. तिकडं तू तीन पेल्यांवर, आणि मी इथं पोट फुगवायला दहा पेले ओतून घेऊ? ते भुकेला फसवण्यासाठी आहे, ज्यांना मनाचा निग्रह नाही त्यांच्यासाठी. माझी उपासाची सवय आहे. मी देवासमोर शब्द दिलाय: भावाला जेवढं तेवढंच मला, आपल्या दोघांना शेजारी शेजारी ऑपरेशनच्या टेबलावर घेतील त्या दिवसापर्यंत. सूप नि चहा धरून तीन पेले. तिसरा मीही राखून ठेवते. संध्याकाळी तो हातात घेतला की वाटतं, आत्ता टाचण्यानंही घेतला असेल. दिवसातलं तेवढंच एक जेवण मला जेवल्यासारखं वाटतं.

सुईचं काय झालं ते लिही.

ताई


१४ मार्च

चि. टाचण्या,

महिना उलटून गेला. मध्ये दोन कार्डं टाकली, त्यांचंही उत्तर नाही. तू रागावला आहेस, हे मला कळतंय. तू नको म्हणत असताना मी छपराचे पैसे घातले म्हणून. लहानपणी तुझ्या वाटणीचा फुगा मी दुसऱ्याला दिला होता तेव्हा तू असाच भिंतीकडं तोंड करून बसला होतास, जेवायलाही उठला नाहीस. पण तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, आणि मी त्याच खोलीत होते. आता इतक्या लांबून मी तुझं तोंड कसं वळवू?

निदान चांगलं ऐक. चौदा किलो गेले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. तू शिवलेल्या राखाडी कोटात मी दोनदा मावते. शेजारणी दारात थांबून बघतात. सल्लागार बाईंनी माझा फोटो काढला, नंतरची बाई म्हणून. तो कचेरीच्या खिडकीत लावणार, नि त्याबद्दल शेवटच्या महिन्याच्या पेटीचे पैसे निम्मे. मी हो म्हटलं. हे म्हणाले, "खिडकीत बायको, घरात बादली." पण फोटो बघायला मात्र रस्ता वाकडा करून गेले होते, मला चपलांच्या दुकानदारानं सांगितलं.

कपडे वाळत घालताना एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली. दोरी धरली म्हणून बरं. यांना सांगितलं नाही. आणि डाव्या कुशीत मधून मधून चमक निघते, पाठीकडून खाली उतरते. सल्लागार बाई म्हणाल्या, चरबी वितळताना होतं असं कुणाकुणाला, पाणी भरपूर पिताय ना? मी हो म्हटलं. देवासमोरचा शब्द चपलांच्या दुकानावर बसून कशाला सांगायचा?

तू लिहीत नाहीस म्हणून मी आता तीनाचे दोन पेले केलेत. संध्याकाळचा सोडला. तो तुझ्या नावानं देवापुढं ठेवते नि सकाळी झाडाला घालते. देवाला म्हटलंय, माझ्या भावाचा राग जाईपर्यंत हा तुझा.

दोन एप्रिलला इस्पितळात पुन्हा वजन आणि तपासण्या आहेत. तोवर राहिलेले चार उतरतात. मग तुझ्याकडच्या डॉक्टरांना कागद जातील, तारीख ठरेल, आणि मी येईन. मग समोरासमोर हवं तेवढं रागव. टाचण्या, मी तुझी थोरली आहे, मी कधी तुझ्यापुढं हात जोडले नाहीत. आता जोडते. दोन ओळी लिही.

ताई


२९ मार्च

ताई,

पाणी पी. हे वाचतेस तिथून ऊठ, माठापाशी जा, नि पाणी पी. मग पुढचं वाच.

मी रागावलो नव्हतो. मी घरी नव्हतो. तुझी सगळी पत्रं दाराच्या फटीतून आत पडून होती, काल इस्पितळातून आलो तेव्हा पायाखाली आली. सगळी एकदम वाचली, उभ्या उभ्याच, टोपीही काढली नव्हती.

यंत्र मानवलंय लिहिलं होतं ते खोटं. डाव्या हातातली यंत्रासाठी जोडलेली शीर तेव्हाच बंद पडत चालली होती, म्हणून सुई दोनदा. फेब्रुवारीत ती गोठली. दोनदा उघडून पाहिली, उजव्या हातातही करून पाहिलं, जमलं नाही. त्यात ताप भरला. आता गळ्याशी नळी बसवलीय, तिच्यातून यंत्राला जोडतात. ही नळी फार दिवस चालत नाही म्हणतात, आणि हिच्यानंतर कुठं घालायची ते डॉक्टर सांगत नाहीत, दुसऱ्या विषयावर बोलतात. टॅक्सीवाल्याच्या खुर्चीत आता दुसराच कुणी बसतो. मी विचारलं नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू सगळं सोडून आली असतीस. मला वाटलं बरा होऊन लिहीन, तुला गडबडीत काही कळणारही नाही. असं होऊन बसेल हे डोक्यात आलं नाही.

आज नर्सबाईंना तुझं पाण्याचं वाचून दाखवलं. मला वाटलं, बहीण कशी वेडी आहे ते ऐकून हसतील. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, "त्यांच्या किडन्या चांगल्या आहेत ना? मग त्यांना पाणी लागतंच, तुम्हाला नाही चालत म्हणून मोजायचं. आणि उपाशी असताना, ती पाकिटं खाताना, पाणी तोडलं? लगेच कळवा." म्हणून हे लगेच. तीन पेले माझं औषध आहेत गं, पुण्य नाहीत. ते वाटून घ्यायचे नसतात.

आणखी एक लिहितो, नाही तर आतच राहील. मी तुला नको म्हटलं होतं. पण तू भरती झालीस हे वाचलं तेव्हा भिंतीला टेकून रडलो, आणि ते दुःखानं नाही. मला जगायचंय, ताई. इथं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, यादीत नाव घाला, कुणा परक्याची मिळाली तर. तुझं पत्र तेव्हा हाती नव्हतं, पण माझं नको तू ऐकणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, बहिणीची येतेय, दुसऱ्या कुणाची जागा कशाला अडवू. वॉर्डात सगळ्यांना सांगून बसलोय.

दोन तारखेला काय म्हणाले ते कळव. नाही, आधी पाणी पी. आणि मग कळव.

टाचण्या


११ एप्रिल

चि. टाचण्या,

तुझं पत्र तीन तारखेला आलं. मी इस्पितळात होते. हे घेऊन आले, पाकीट फोडलेलं होतं. यांनी आयुष्यात माझं पत्र कधी फोडलं नव्हतं. वाचून दाखवायला लागले आणि "पाणी पी" याच्या पुढं त्यांना वाचता येईना.

आठ दिवस झाले, तुला लिहायला बसते नि कागद दुमडून ठेवते. आज लिहिते. सरळच लिहिते.

दोन तारखेला काट्यावर उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून अर्धा किलो कमीच. वजन घेणारी पोर म्हणाली, "वा, काकू, हे कसं केलंत?" मी तिला सांगत होते, तेवढ्यात कुशीतली कळ अशी आली की मी काट्यावरच बसले. शुद्धीवर आले तेव्हा पोटाचे फोटो काढून झाले होते.

दोन्ही बाजूंना मुतखडे आहेत. डावीकडचा खाली उतरून वाटेत अडकला होता, त्यानं ती किडनी फुगली. उजवीत बारीक बारीक पुष्कळ. तो अडकलेला काढला, नळी ठेवली आहे. रक्ताचे आकडे जानेवारीत होते तसे राहिले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पीत होता?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही असं समजून. मग चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, सहा महिन्यांनी? वर्षानं? ते म्हणाले, "बाई, आता तुम्ही दाता नाही. आता तुम्ही आमच्या रुग्ण आहात." उजवीही घेणार नाहीत. आज नाही नि पुढंही नाही. मी पाया पडायला वाकले तर नर्सनं धरलं, टाके उसवतील म्हणून.

ठणठणीत होत्या रे. दोन्ही. कागदावर लिहिलेलं होतं. जड होते तेव्हा तुझ्या उपयोगाची होते.

यांना वाटतं मी खचेन, म्हणून सारखं काही बोलत असतात. दर तासाला पेला आणून देतात. "घे, घोट घोट घे." घेते. गळ्याखाली उतरत नाही, तुझं टेबल दिसतं. त्या दिवशी म्हणाले, "मी जाऊन माझं रक्त देऊन आलो." कधी गेले, मला माहीत नाही. जुळलं नाही. त्याचा कागदही त्यांनी मला दाखवला, हे बघ, मीही नापास, अशा थाटात. मी हसावं म्हणून. मी हसले.

सासूबाई काही बोलत नाहीत. त्यांनी बोलावं, एखादा टोमणा मारावा असं वाटतं. काल फक्त माझ्या ताटात त्यांच्या ताटातला बटाटा ठेवला. खाल्ला मी.

सल्लागार बाई भेटायला आल्या होत्या, फळं घेऊन. रडल्या बिचाऱ्या. दोनदा ठळक छापलं होतं हो, म्हणत होत्या. त्यांचं खरं आहे. फोटो काढून टाकू का म्हणाल्या. मी म्हटलं राहू दे. आहे तशीच दिसते मी अजून.

देवाजवळ बसते, सवयीनं. पण बोलायला काही सुचत नाही. तक्रार करायला जागा नाही, त्यानं मला पाणी तोड म्हणून सांगितलं नव्हतं. शब्द मीच दिला, मीच पाळला. आता त्याच्याकडं काही मागायला तोंड उघडलं की बंद होतं.

तू मला दोष दे. वॉर्डात सगळ्यांना सांगून बसला होतास, आता त्यांना काय सांगशील? माझं नाव घेऊन सांग, तिनं स्वतःच्या हातानं घालवली म्हण. पण एक कर. यादीत नाव घाल. उद्या नाही, हे पत्र हातात असतानाच, डॉक्टरांकडं जाऊन. जे तीन महिने माझ्या भरवशावर घालवलेस ते मला परत देता येत नाहीत. मला प्रवास करू देत नाहीत, नळी काढेपर्यंत. हे तिकीट काढून येत्या आठवड्यात तुझ्याकडं येताहेत, तुझ्याजवळ राहतील. त्यांना शिवता येत नाही, पण बटणं लावता येतात, नि दुकान उघडून बसतील.

मागच्या वेळी तुझं पत्र नव्हतं तेव्हा मी म्हटलं तू रागावलास, नि एक पेला आणखी कमी केला. या वेळी पत्र आलं नाही तर काय समजायचं ते मला ठाऊक आहे, आणि ते मला समजून घ्यायचं नाही. रागाचं असलं तर रागाचं लिही. नर्सबाईंकडून लिहून घे. पण नाव घातलंस आणि तू घरी आहेस, एवढं उलट टपाली कळव.

ताई